टाकीतला गाळ

बर्फवालीचं नाक लहानसंच, पण त्यावर राग बारा महिने मुक्कामाला. कारखान्यातून बर्फाच्या लाद्या उचलायच्या, पोत्यांत गुंडाळून पिकअपच्या हौद्यात रचायच्या आणि ऊन चढायच्या आत मासळी बाजार गाठायचा, हे काम नवरा गेल्यापासून ती एकटी करत होती. बर्फाला 'थांब' म्हटलेलं कळत नाही, तसं तिलाही कळत नसे. वाटेत कुणी गाडी आडवी घातली, की काच खाली करून त्याच्या सात पिढ्यांची विचारपूस व्हायची.

पिकअप नवऱ्याची. डिझेलवरची, म्हातारी, चढावर काळा धूर ओकणारी. नवऱ्याचा नियम होता, टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही आणि टाकीला दुसऱ्या कुणाचा हात लागू द्यायचा नाही. टाकीचा पट्टा तुटला तेव्हा त्यानं स्वतः गाडीखाली झोपून तो तारेनं आवळला होता. ती तार अजून तशीच होती.

मग एक दिवस बाजाराच्या फाटकावर पाटी लागली. धूर सोडणारी गाडी येत्या महिन्यापासून आत येणार नाही, म्हणे मासळीला धुराचा वास लागतो.

"मासळीला वास लागतो! मासळीला! ऐका आता!" ती फाटकावर ओरडली. फाटकवाला हसला नाही.

बॅटरीवरची पिकअप घ्यायची तिची ऐपत नव्हती. गाडी बाहेर लावून लाद्या डोक्यावरून वाहायच्या, तर निम्मा बर्फ वाटेतच गटारात. आणि फेरी गेली म्हणजे चूल गेली. ह्या काळजीत असताना जावई मदतीला आला.

जावई अगदी गरीब गाय. बायको बोलून दमली की मग बोलणारा. घरामागच्या शेडमध्ये तो खानावळींतलं वापरलेलं तळणाचं तेल आणून गाळायचा, त्यात औषध मिसळून खालचा चिकटा काढून टाकायचा, धुवायचा, आणि डिझेलच्या गाडीत चालेल असं इंधन करायचा. त्याचा धूर कमी. बाजारातले दोन पिकअपवाले त्याला म्हणाले होते, "आधी सासूबाईंची गाडी चालू दे, मग आम्हीही घेतो." तिची फेरी आणि त्याची शेड, दोन्हींचं नशीब आता त्या एका गाडीवर होतं.

"आई, भरायच्या आधी एक करावं लागेल," तो म्हणाला. "हे तेल जुनी टाकी आतून धुऊन काढतं. तळाचा गाळ सुटतो आणि फिल्टरमध्ये जाऊन बसतो. टाकी उतरवून साफ करायला हवी. मी येतो."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण जावयाला कसं बोलणार? ती स्वयंपाकघराकडे तोंड करून लेकीवर गरजली, "ऐकलंस का गं? तुझ्या बापानं टाकीत घाण साठवली होती म्हणे!" लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं लेकीला बोललेलं जावयाला लागलं, आणि तो चपला घालून निघाला.

पुढच्या आठवड्यात कॅन घेऊन आला तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "टाकी साफ झाली ना?"

"झाली. मला काय हात नाहीत?"

झाली नव्हती. त्या तारेला पक्कड लावायला तिचा जीव धजत नव्हता, आणि हे जावयापुढे कबूल करण्यापेक्षा तिला खोटं बोलणं सोपं वाटलं. बाई चिडकी होती, तशी हट्टीही होती.

सुरुवातीला गाडी झकास पळाली. धूर नावाला. मागून तळणाचा वास यायचा, गल्लीतली कुत्री आशेनं मागे धावायची. फाटकवाल्यानं तर चक्क हात वर केला. त्या दोन पिकअपवाल्यांनीही जावयाकडून तेलाचे कॅन आणून ठेवले. आणि मग एका सकाळी, बाजाराच्या ऐन चढावर, भरल्या गाडीनं दोन आचके दिले आणि मान टाकली.

ऊन वर आलेलं. हौद्यातून पाण्याची धार लागलेली. मागे हॉर्नचा गोंगाट. वर बाजारात मासेवाल्या टोपल्या उघडून वाट बघतायत. जावई मिस्त्रीला घेऊन धापा टाकत आला, आणि बर्फवालीच्या जिभेचा उरलासुरला लगाम सुटला.

"आलास? ये! बघ तुझे दिवे! माझी गाडी म्हणजे काय कढई वाटली तुला, लोकांचं उष्टं तेल ओतायला? विषारी तेल करतोस आणि घरच्यांनाच पाजतोस?"

जावयाला अरेतुरे! भर रस्त्यात! गोंगाट ऐकून खाली आलेल्या मासेवाल्यासुद्धा चपापल्या. ते दोन पिकअपवाले तिथेच उभे होते, सगळं ऐकत.

मिस्त्रीनं फिल्टर उघडला. आत डांबरासारखा काळा लगदा. "टाकी धुतली नव्हती का?" त्यानं विचारलं.

जावयानं तिच्याकडे बघितलं. ती बर्फाकडे बघत राहिली.

"सांगायचं माझ्याकडूनच राहिलं," जावई म्हणाला.

मिस्त्रीनं नवा फिल्टर बसवला, हवा काढली, गाडी सुरू करून दिली. बर्फ निम्मा पोचला. पिकअपवाले जावयाला म्हणाले, "राहू दे बाबा तुझं तेल. कॅन तेवढे घेऊन जा उद्या."

सुटली खरं तर ती. पण घरी येऊन तिनं ताट बाजूला सरकवलं. भांडी आपटली, मांजराला हाकललं, शेजारणीशी उगाच वाजवलं. त्यानं भांडायला हवं होतं! 'म्हातारे, खोटं बोलतेस' असं तोंडावर म्हणायला हवं होतं! कुणी सांगितलं होतं ह्याला माझी लाज झाकायला?

दुपारी लेक आली. तिचे डोळे सुजलेले होते. "शेड बंद करतायत ते. म्हणाले, आईंच्या गाडीपुरतं तेल करत राहीन, नाहीतर त्यांना फाटकात घेणार नाहीत."

"माझ्यापुरतं? एवढं ऐकून घेऊनसुद्धा?"

"हो. आई, खरं सांग. टाकी साफ केली होतीस?"

बर्फवालीनं झटकलेली पोती पुन्हा झटकायला घेतली. लेक निघून गेली.

मग बर्फवालीनं पदर खोचला आणि ती पिकअपखाली शिरली. टाकीतलं तेल डब्यांत काढलं. पक्कड तारेला लावली. "जाताना एवढं तरी सांगायचं होतंत, की टाकी धुवत जा म्हणून!" ती मेलेल्या नवऱ्यावर ओरडली, आणि तार तोडली. टाकी उतरवून उलटी केली तर बादलीभर काळा चिखल निघाला. त्याचा नियम, तिचा हट्ट, सगळा तळाशी बसलेला. ती रडली, आणि रडू आलं म्हणून आणखीच चिडली. टाकी धुऊन, वाळवून, नव्या तारेनं बांधली तेव्हा ऊन कलायला आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं नेहमीसारखा बर्फ भरला, चढ चढली आणि पिकअप नेमकी फाटकात आडवी लावली. आत जाणारे आत जाईनात, बाहेर येणारे बाहेर येईनात. ती बादली घेऊन खाली उतरली. जावई कॅन परत न्यायला आला होता, ते दोघे पिकअपवाले त्याच्याशेजारीच होते.

"ओ बाई, गाडी काढा!" फाटकवाला ओरडला.

"काढते. आधी हे बघा!" तिनं बादली त्या दोघांच्या पायाशी आपटली. "हा माझ्या टाकीतला गाळ. माझा! धू म्हणून सांगितलं होतं ह्यानं, मी नाही धुतली. धुतली म्हणून खोटं सांगितलं. ह्याच्या तेलात काही खोट नाही, खोट माझ्यात होती. ऐकलंत? मागच्यांना ऐकू गेलं नसेल तर परत सांगते!"

हॉर्न वाजत होते. हौद्यातून धार लागली होती, पोती भिजून काळी पडली होती. पिकअपवाले बादलीत वाकून बघत होते.

जावई पुढे आला, अगदी हळू आवाजात म्हणाला, "आई, पुरे. बर्फ वितळतोय."

"वितळू दे," ती म्हणाली. "तू गप उभा राहा इथं, माझ्या शेजारी." आणि तिनं पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.