रेडिएटरमधली हळद

शेजारच्या स्टॉलवाल्या सदाभाऊने गळका रेडिएटर लपवून मला त्याची एटीव्ही विकली. पर्यटकांना किनाऱ्यावर फिरवणारी ही गाडी आठ दिवस बरी चालली. आज तिच्याखालच्या वाळूत पिवळे थेंब दिसले. इंजिन थंड ठेवणारं कूलंट तर हिरवं असतं. थंड रेडिएटरचं झाकण काढून बोट बुडवलं, तर हळद! भोक बुजवायला ओतलेली. यंत्र निदान डाग पाडून खरं सांगतं. माणूस आतून बुजवतो आणि वर हसून चहा पाजतो. आता त्याचं हसणंही मी वाकून तपासतो.

विचारलं तर म्हणाला, “अरे, हळद शुभच की!”

शुभ? उद्या कुणाचं पोर बसलेलं असताना उकळतं पाणी उडालं, तर भाजलेल्या पायांचा जबाब कोण देणार? सदाभाऊ, किनाऱ्यावरच्या सगळ्या स्टॉलवाल्यांसमोर सांग.