कार्गोमामांची गाठ

समुद्रकाठच्या आमच्या वरोरला कुणी साधी चिवड्याची पिशवी बांधली तरी कार्गोमामा उठून गाठ ओढून बघायचे. एकदा नाही, दोनदा. माणूस भला, पण डोक्याला ताप! माझा चिकूचा टेम्पो निघायच्या बेतात असला की हे हजर. दोर सोडायला लावायचे, मागचे खोके पुढे घ्यायला लावायचे. "वजन मागे गेलं की नाक वर येतं," म्हणायचे. मी म्हणायचो, मामा, टेम्पो आहे, उडत नाही. ते हसायचे नाहीत.

तरुणपणी बोटीवर खलाशी म्हणून गेलेला हा माणूस दक्षिण अमेरिकेत उतरला आणि एका मालवाहू विमान कंपनीत माल बांधायला लागला. कंपनी कसली, तीन जुनी विमानं. जाताना यंत्रांचे सुटे भाग, येताना मांस नाहीतर फुलं, आणि मध्ये डोंगर. मामा त्या तीन विमानांना थोरली, मधली, धाकटी म्हणायचे. गावात बोंबील वाळत घालणाऱ्या बायकासुद्धा थट्टेनं विचारायच्या, "मामा, आज थोरलीनं काय आणलं?"

कंपनी बुडाली तसे मामा परतले आणि तिचा इतिहास लिहायला बसले. बसले म्हणजे काय, चार ओळी झाल्या की उठून समुद्रापर्यंत जाऊन यायचे. नाही लिहिलं तर अशी कंपनी कधी नव्हतीच असं होईल, याची त्यांना धास्ती. वही अडायची ती मात्र धाकटीपाशीच. ती डोंगरात पडली, तिघे गेले आणि कंपनी बंद झाली. चौकशीत हवामानाचं कारण निघालं. पण माल मामांनी बांधला होता.

एकदा माझा दोर ओढता ओढता ते थांबले. "त्या दिवशी घाई होती रे. दुसऱ्यांदा गाठ ओढली की नाही, तेच आठवत नाही."

आपण ह्या माणसाची इतकी वर्षं टिंगल केली, याची मला लाज वाटली. मी दोर सोडला आणि पुन्हा बांधला.

यंदा होळीनंतर मामा गेले. वहीत शेवटची ओळ होती, 'धाकटीची गाठ मी', आणि पुढे कोरं.

तिरडी बांधायला मीच बसलो. मंडळी घाई करत होती, ऊन चढतंय म्हणून. मी गाठ ओढली. चला चला सुरू झालं तसा मी त्यांच्यावर खेकसलो आणि पुन्हा ओढली. डोळ्यांना धार लागली होती. वाकून त्यांच्या कानाशी म्हणालो, "मामा, दोनदा ओढली."

मग आम्ही त्यांना उचललं.