निर्णय तुझा

धुळ्यात, देवपूर भागातल्या एका कॉलेजात मी नीतिशास्त्र शिकवते. त्या दिवशी अस्तित्ववादाचा तास होता. माणूस स्वतंत्र आहे, न निवडणं हीसुद्धा निवडच, असं मी नेहमीच्या सराईतपणे सांगून मोकळी झाले. तास सुटल्यावर दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी स्टाफरूमच्या दारात येऊन थांबली. पिंपळनेरच्या पलीकडच्या गावातली, होस्टेलला राहणारी.

"मॅडम, माझ्या बहिणीचं लग्न ठरलंय. पंधरा दिवसांनी. ती नववीत आहे."

मी तिला बसवलं. हेल्पलाइनला फोन केला तर लग्न थांबेल, हे तिला माहीत होतं. पण वडिलांना कळलं तर तिचं स्वतःचं शिक्षण बंद होणार होतं.

"काय करू?"

आणि मी शिकवायलाच लागले. कर्तव्य म्हटलं तर पुढचं काही न बघता फोन करायचा. परिणाम बघायचे तर कुणाचं किती नुकसान होतं ते तोलायचं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही असता तर?"

"निर्णय तुझा आहे. तो दुसरं कुणी घेऊ शकत नाही."

तिचा मान राखला, असं मला तेव्हा खरंच वाटलं.

तिनं फोन केला. लग्न थांबल्याचा एका ओळीचा मेसेज मला आला. त्यानंतर सुट्टीला घरी गेली ती परत आलीच नाही. फोनही बंद. तीन आठवडे वाट पाहून मी एसटीनं तिच्या गावी गेले.

वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी मागवलं. आवाज अजिबात चढवला नाही.

"मॅडम, तालुक्याची माणसं दारात आली. गावात तोंड दाखवायला जागा राहिली नाही. खरं सांगा, तो फोन तुम्ही केला का?"

ती दाराआड उभी होती. नुसती पावलं दिसत होती. मी हो म्हणाले असते तर सगळा राग माझ्यावर आला असता, आणि मी तर संध्याकाळी धुळ्याला परतणार होते.

"मी नाही केला," मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. घरच्या बोलीत, जणू स्वतःशीच म्हणाले, "पोर मनी शे. मी पाही लिसू." पोर त्यांची होती, ते बघून घेणार होते.

दाराआडची पावलं आत गेली.

मी खोटं बोलले नव्हते. पण तत्त्वासाठी खरं बोलले असंही नाही. घाबरले होते, एवढंच.

तिनं परीक्षेचा फॉर्म भरला नाही. वर्षाच्या आत तिला यावलकडे दिलं. परवा तिची एक मैत्रीण भेटली. म्हणाली, धाकटी दहावी पास झाली, थोरलीनं तिकडे पेढे वाटले.

"माझ्याबद्दल काही म्हणाली?"

मैत्रिणीनं आठवून पाहिलं. "नाही मॅडम."