नेड्राची मान आणि नवी रायफल

नेड्रा स्कोगनला मी आधी आवाजानं ओळखू लागले, चेहऱ्यानं नंतर. आमच्या काउंटीच्या रस्ते खात्यात मी वायरलेसवर बसते आणि ती बर्फ काढायचा ट्रक चालवते. वायोमिंगच्या आमच्या भागात वारा सुटला की रस्ता, कुंपण, आभाळ सगळं एकच पांढरं होतं. अशा वेळी बाकीचे ड्रायव्हर वायरलेसवर शिव्या देतात. नेड्रा फक्त मैलाचा दगड सांगायची आणि म्हणायची, "पुढे जाते."

चार वर्षांपूर्वीच्या मार्चमध्ये तिचा ट्रक टॅल्बर्ट नाल्याचा कठडा तोडून खाली गेला. वायरलेसवर तिचा आवाज आला, "गाडी आडवी झालीय. मी सीटवरच आहे. मान हलवू नये असं वाटतंय." माणसं पोहोचेपर्यंत पन्नास मिनिटं गेली, आणि तेवढा वेळ ती खरंच हलली नाही. म्हणून आज ती चालते-फिरते आहे, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी तिच्या मानेचे तीन मणके धातूची पट्टी घालून एकत्र जोडले.

पुढच्या वसंतात ती कामावर परतली, बर्फाच्या ट्रकऐवजी खडीच्या ट्रकवर, त्याला तीन जादा आरसे लावून. जेवणाच्या सुट्टीत आम्ही तिला चिडवायचो, "नेड्रा, मागे बघ, साहेब आले!" ती पूर्ण वळून उभी राहायची, एखाद्या कपाटासारखी, आणि म्हणायची, "कुठंयत? मला वाटलं पगारवाढ आली." काम जमलं, जेवणं जमलं, घोड्याला खरारा करणंही जमलं. जमली नाही ती नेमबाजी.

नेमबाजी म्हणजे तिचा जीव. महिन्यातून एकदा आमच्या क्लबाची स्पर्धा असते. बर्डेट नावाच्या शेतकऱ्याच्या कुरणात चारशेपासून नऊशे यार्डांपर्यंत पोलादी पाट्या टांगलेल्या असतात. कधी आडवं पडून, कधी गोठ्याच्या फाटकावर रायफल टेकून, दोन मिनिटांत आठ गोळ्या मारायच्या, अशा दहा जागा. नेड्रा तिथं वीस वर्षं जात होती, वडिलांची लाकडी दस्त्याची रायफल घेऊन. पण लाकडी दस्त्यावर गाल टेकवायचा तर मान वाकवावी लागते, थोडी कलवावी लागते. तिची मान ना वाकत होती, ना कलत. दुर्बिणीत तिला नुसतं काळं कडं दिसायचं. दोन-तीनदा प्रयत्न करून तिनं रायफल गुंडाळून ठेवली.

तिचा थोरला भाऊ ऑलिन सुतार आहे, आणि रायफलचे दस्ते घडवण्यात त्याचा हात धरणारा आमच्याकडे कोणी नाही. त्यानं मनावर घेतलं. अख्खा हिवाळा खपून त्यानं अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता केला, गालाकडे उंच, तिच्या मानेच्या मापानं. तिला खुर्चीत बसवून त्यानं दहा वेळा माप घेतलं असेल. एप्रिलमध्ये ती तो घेऊन मैदानावर गेली. पहिल्या पाच गोळ्या एका बशीत मावतील अशा बसल्या. ऑलिननं टोपी जरा मागे सरकवली.

दुपारी मात्र तिला पुन्हा काळं कडं दिसायला लागलं.

"तू नीट टेकत नाहीयेस," ऑलिन म्हणाला.

"अरे, टेकतेय. माझी मान सकाळी एक असते आणि दुपारी दुसरी. थंडीत तिसरी. तू सकाळच्या मानेचं माप घेतलंस."

"मग दुपारचं घेतो."

"आणि सकाळी काय करू?"

लाकूड एकदा कापलं की कापलं.

त्याच आठवड्यात ती मला घेऊन टॉलिव्हरच्या दुकानात गेली. टॉलिव्हर म्हातारा आहे, तिच्या वडिलांचा मित्र, दुकानात शिरणाऱ्या प्रत्येकाला आधी टोमणा आणि मग कॉफी देणारा.

"स्कोगनांची पोर कारखान्यातली रायफल मागतेय? तुझा भाऊ माझ्या काचा फोडेल."

"काचांचं नंतर बघू. चासीवाल्या दाखवा, तयार, खोक्यातून निघाली की चालणाऱ्या. दुकानं फिरून सुटे भाग जमवत बसायला मला वेळ नाही."

त्यानं टेबलावर गोधडी अंथरून तीन रायफली मांडल्या. या रायफलींना लाकडी दस्ता नसतो. नळी आणि यंत्र ॲल्युमिनियमच्या सांगाड्यात बसवलेलं असतं, ट्रकचं इंजिन चासीवर बसवतात तसं. मागचा गालाचा आधार वरखाली होतो, खांद्याची गादी पुढंमागं, वरखाली होते. दिसायला तिन्ही मला सारख्याच कुरूप वाटल्या. एखाद्या यंत्रमाणसाचा पाय तोडून आणावा तशा.

नेड्रानं कोटाच्या खिशातून जाड कातडी हातमोजे काढले आणि घातले.

"हे काय?" टॉलिव्हरनं विचारलं.

"मैदानावर थंडी असते. दुकानात सगळ्याच रायफली चांगल्या असतात."

पहिली सगळ्यात देखणी होती. मागचा भाग घडी होऊन बाजूला वळायचा. पण गालाचा आधार हलवायला बारीक चावी लागत होती. मोजे घातलेल्या हातातून ती चावी दोनदा खाली पडली. दुसऱ्यांदा ती उचलायला टॉलिव्हर टेबलाखाली वाकला आणि तिथूनच म्हणाला, "समजलं. ही नको."

दुसरीचा सगळा पसारा हातानं फिरत होता, चापही हलका होता. पण ती उचलून नेड्रा फाटकावर टेकावी तशी काउंटरच्या कडेवर टेकायला गेली आणि तिचा चेहरा आवळला. फार जड.

"जड असली की धक्का कमी बसतो," टॉलिव्हर म्हणाला. "सगळी पोरं हीच नेतात."

"पोरांच्या मानेत पट्टी नाही. एका जागेवरून दुसऱ्या जागी मला ही उचलून पळायचंय."

तिसरी चिखलाच्या रंगाची, साधी होती. गालाच्या आधाराखाली एक दातेरी चाक होतं. नेड्रानं मोज्यातल्या अंगठ्यानं ते फिरवलं, तसा आधार कटकट करत वर आला. तिनं मान ताठ ठेवली, रायफल खांद्याला लावली आणि चाक फिरवत राहिली. चाक थांबलं. तिचा हात थांबला. तिनं डोळे मिटले.

"झोपलीस काय?" टॉलिव्हर म्हणाला.

"नाही," ती म्हणाली. "गाल टेकलाय. मी मान हलवलीच नाही, आधारच वर आला."

टॉलिव्हरनं मग टोमणा मारला नाही. त्यानं कॉफी ओतली. तिची जुनी दुर्बीण या रायफलीवर उंच कड्यांत बसवून देतो म्हणाला आणि मैदानावर नेऊन दहा गोळ्या मारून बघायला सांगितलं. नळी झिजली तर काय, असं तिनं विचारलं. त्यानं सांगितलं की कारखान्याला नंबर कळवला की तसलीच दुसरी येते. हे तिला फार पटलं. "माझ्या ट्रकचं पातं झिजलं तर मी कधी नवं घडवायला बसले नाही," असं ती मला परत येताना म्हणाली.

दहा गोळ्यांनंतर रायफल तिची झाली. आता ऑलिनला सांगायचं होतं. तिनं ते सरळच सांगितलं, त्याच्या सुतारकामाच्या शेडमध्ये उभी राहून, भुशात.

"डबाबंद रायफल," तो म्हणाला. "सूप घ्यावं तशी घेऊन आलीस."

"हो. आणि भूक लागली होती."

"मी चार महिने घातले त्यात, नेड्रा."

"माहीत आहे मला. शिकारीला तुझाच दस्ता नेणार. हरणासाठी सकाळी एक गोळी पुरते. स्पर्धेत ऐंशी मारायच्या असतात, दिवसभर."

तो रंधा मारायला लागला. पुढचे तीन रविवार तो तिच्याकडे जेवायला आला नाही. ती त्याचा वाटा डब्यात भरून त्याच्या दाराशी ठेवून यायची. डबा धुऊन परत यायचा, चिठ्ठीशिवाय.

मेच्या स्पर्धेला मात्र तो आला. म्हणाला, वाऱ्याकडे बघायला कोणीतरी हवं. सकाळी नेड्राचं बरं चाललं होतं. पाचव्या जागेपर्यंत तिच्या वीस गोळ्या पाटीवर लागल्या होत्या. जेवणानंतर मान आखडली. मी दुरून पाहत होते. तिनं चाक दोनदा फिरवलं, रायफलीच्या नळीखालचे टेकूचे दोन पाय एक खाच उंच केले आणि आडवी पडली. शेवटची पाटी आठशे दहा यार्डांवर होती. पहिली गोळी चुकली.

"डावीकडे गेली," ऑलिन पुटपुटला. "अर्धी पाटी."

दुसरी सुटली. इतक्या लांबून आवाज यायला वेळ लागतो. आधी पाटी हलताना दिसली, मग कधीतरी 'टण्ण' असं आलं, बारीक, पण अगदी स्वच्छ. नेड्रा उठली नाही. अजून सहा गोळ्या होत्या. त्यांतल्या तीन लागल्या.

एक्केचाळीस जणांत ती तेविसावी आली. बक्षीस बिक्षीस काही नाही. उठताना तिला ऑलिननं हात दिला. तिचे डोळे लाल झाले होते. "धूळ," ती म्हणाली. "हो, धूळ," तो म्हणाला.

मग तिनं त्याला रायफलमागे झोपवलं. ऑलिनला जवळचं आणि लांबचं अशा दुहेरी भिंगांचा चष्मा आहे, त्यामुळं गेली कित्येक वर्षं तो दुर्बिणीशी झगडतच असतो. नेड्रानं चाक चार खाचा खाली केलं, गादी मागं ओढली. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. त्यानं एकच गोळी मारली, चारशे यार्डांवर. लागली.

"हं," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे हं. चापाजवळची मूठ फार जाड आहे."

"बाकी?"

"बाकी बोलायला मी माझी जीभ घरी ठेवून आलोय."

त्या रविवारी तो जेवायला आला आणि त्यानं दोनदा बटाटे मागून घेतले.

मान काही सुधारली नाही, सुधारणारही नाही. थंडीत तिला रात्री दुखण्यावरची औषधाची गोळी घ्यावी लागते. पण गेल्या हिवाळ्यात खात्यानं तिला तिचा बर्फाचा ट्रक परत दिला, आणि शरद ऋतूत तिनं अक्रोडाचा दस्ता नेऊन एक हरीण मारलं, सकाळी, एका गोळीत. यंदा राज्याच्या स्पर्धेसाठी तिनं नाव दिलंय.

परवा सरावाला मी तिच्याबरोबर गेले होते. ती चटईवर आडवी पडली होती आणि तिनं मला दुसऱ्या दुर्बिणीतून बघायला बसवलं होतं. गोळी सुटली, पाटीच्या उजवीकडे माती उडाली.

"उजवीकडे, हातभर," मी म्हणाले.

"दिसलं मला," नेड्रा म्हणाली आणि तिनं पुढचं काडतूस आत ढकललं.