दोन पासपोर्टांची गाठ

सुरतेतल्या पांडेसऱ्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्स आणि तिकिटांचं दुकान चालवणाऱ्या त्या माणसाचं नाव मी कधी विचारलंच नाही. कागद अगदी नाकाजवळ धरून वाचायचा आणि सगळं नीट असलं की सुरती थाटात एकच शब्द म्हणायचा, "चालशे."

ताईचा आखातात राहण्याचा व्हिसा जुन्या, रद्द होऊन कोपरा कापलेल्या पासपोर्टवर होता. त्याने नवा-जुना दोन्ही साडीच्या दोऱ्याने एकत्र बांधले आणि बजावलं, "बेन, ही गाठ काउंटरवरच सोडायची."

आईने ती घरीच सोडली. कापलेली वस्तू प्रवासात नको, म्हणून जुना पासपोर्ट तिने देव्हाऱ्यात ठेवला.

विमानतळावर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "यात व्हिसा नाही. जाता येणार नाही." ताई रडू लागली, तिकडे तिची लेक वाट बघत होती. काउंटर बंद व्हायला पाऊण तास उरला होता. मी त्या झेरॉक्सवाल्यालाच फोन केला. तो एवढंच म्हणाला, "रांग सोडू नका. मी तुमच्या घरून जुना पासपोर्ट घेऊन येतो."

पस्तीस मिनिटांत तो स्कूटरवरून घामाघूम होऊन विमानतळाच्या दारात हजर. आईने व्हिसावर कुंकू वाहिलं होतं, फोटोतला ताईचा चेहरा लाल झाला होता. त्याने ते बोटाने अलगद टिपलं. बोट पँटला पुसेल असं मला वाटलं. त्याने ते स्वतःच्या कपाळाला लावलं, पासपोर्ट नाकाजवळ धरला आणि म्हणाला, "चालशे."