पोरीच्या हरण्यावर लावलेले रसगुल्ले

हासाचं असन तर आत्ताच हासून घ्या बाप्पा, मंग मधात हासलात तर मले पुढं बोलता येत नाई. असा गाढवपणा केला आहे मी, की अख्खं मुलचेरा आजही माह्या दुकानासमोरून जाताना मान वळवून पाह्यते.

दुकान कायचं? झेरॉक्स अन् ऑनलाइन फॉर्मचं. म्हणजे गावातला कम्प्युटरचा शहाणा मीच! कोणाले दाखला पाहिजे असो की सातबारा, लोक म्हणतात, "अशोकभाऊले विचारा, त्याले सारं समजते." हेच ऐकून ऐकून डोस्क्यात हवा गेली, दुसरं काय?

माही पोरगी श्रावस्ती. घरी आम्ही तिले शाऊ म्हणतो. शाळेच्या बास्केटबॉल टीमची कॅप्टन! तिच्या खेळातलं आपल्याले काही कळावं म्हणून मी मोबाइलवर अमेरिकेच्या मॅचा पाहाले लागलो. तिकडं रात्र, इकडं आपली दात घासाची वेळ. पाह्यता पाह्यता समजलं, तिकडं लोक मॅचवर चिठ्ठ्या घेतात. अन् सट्टा नाई म्हणत त्याले! बाजार म्हणतात, अंदाजाचा बाजार. "ही टीम जिंकन" याची चिठ्ठी घ्या, नाईतर "हरन" याची घ्या. जास्त लोकाइले जे वाटते ते महाग, कमी लोकाइले वाटते ते सस्तं. नुसता भाव पाह्यला की कळते, दुनिया काय म्हणून राह्यली.

मले तर येडच लागलं. ॲप उघडलं, तर समोर आलं, ही सेवा तुमच्या भागात उपलब्ध नाही. हैदराबादेत कामाले असलेला माहा साळा म्हणते, "भाऊजी, दुसऱ्या देशातून उघडल्यासारखं दाखवा ना, होऊन जाते."

मी म्हटलं, "तुह्यं डोस्कं ठिकाणावर आहे का बे? आपल्या जिल्ह्यात जंगलाकडं टॉर्च मारली तरी इकडून पोलीस अन् तिकडून जंगलातले, दोघंही येऊन विचारतात, कोण आहे. अन् मी दुसऱ्या देशाचा माणूस होऊ?"

त्यात पैसे लावून खेळाचे ऑनलाइन धंदेच सरकारनं बंद करून टाकले. झालं! साधा माणूस असता तर इथीच थांबला असता. पण मी पडलो शहाणा.

चौकात बिस्वासदाचं मिठाईचं दुकान आहे. आमच्याकडच्या बंगाली गावातला माणूस, त्याच्यासारखा रसगुल्ला तुमाले नागपुरातही भेटणार नाई. त्याले म्हटलं, "दादा, आपण आपलाच बाजार काढू. पैसा नाई लावाचा. रसगुल्ला लावाचा!"

वकीलसाहेब तिथीच बाकड्यावर होते. त्याईले विचारलं, "का जी, रसगुल्ल्यावर कायदा लागते का?"

त्याईनं एक तोंडात टाकला, डोळे मिटले, गिळला अन् म्हणाले, "पैसा काय अन् पैशाची वस्तू काय, जुगार तो जुगारच. बंद करा हे." मंग वाटी पुढं केली. "अजून एक द्या."

आम्ही वाटीचं ऐकलं.

व्हॉट्सॲपवर ग्रुप निघाला. बायकोलेही घातलं त्यात, माणसं वाढावी म्हणून. ज्याची बाजू खरी निघन त्याले एका चिठ्ठीचे दहा रसगुल्ले. अन् कोण कोणती चिठ्ठी घेते ते बिस्वासदानं नावासकट ग्रुपवर टाकाचं, म्हणजे लपवालपवी नाई. हा नियम कोणी केला? मीच केला!

सुरुवातीले अमेरिकेच्या मॅचा लावल्या, पण टीमचं नावच कोणाले घेता येईना. तेवढ्यात शाऊची टीम जिल्ह्याच्या फायनलले गेली. गडचिरोलीले मॅच. मंग अमेरिका कोणाले पाहिजे? अख्ख्या ग्रुपनं "जिंकन"च्या चिठ्ठ्या घेतल्या. एका चिठ्ठीचा भाव आठ रसगुल्ल्यांवर! माही छाती अशी फुगली, बायको म्हणे, "गुंड्या तुटतीन."

पण शाऊसाठी ही नुसती मॅच नव्हती. त्या दिवशी नागपूरहून निवडवाले येणार होते. ज्या पोरी त्याईच्या नजरेत भरतीन, त्याईले खेळाडूंच्या वसतिगृहात घेणार. राहणं, खाणं, शिकणं, सारं तिथीच. अन् पुढच्या वर्षी शाऊचं वय बसत नव्हतं. शाळेच्या मैदानात वेल्डिंगवाल्यानं करून दिलेली रिंग आहे. तिच्याखाली पोरगी दिवस बुडेपर्यंत बॉल टाकत राहे. म्हणे, "बाबा, मी जातेच नागपूरले, पाह्यजा."

आता बापाची अक्कल पाहा. मी विचार केला, जिंकली तर आनंदच आहे, मले चिठ्ठी कायले पाहिजे? पण हरली तर? लेकरू रडत येईन. तेव्हा तिच्यासमोर रसगुल्ल्यांची हंडी ठेवीन. लहानपणापासून शाऊ रडली की रसगुल्ला, ही सवय मीच लावलेली. "हरन"ची चिठ्ठी सस्ती होती. पाच घेऊन टाकल्या. माया होती हो ती, देवाशप्पथ म्हणत नाई मी, पण तुमच्या गळ्याची शप्पथ!

बिस्वासदा पडला नियमाचा माणूस. त्यानं ग्रुपवर टाकलं: अशोकभाऊ, पाच चिठ्ठ्या, हरन.

अन् मंग जे सुरू झालं!

"सख्खा बाप म्हणते हरन?"

"त्याले माहीत असन ना बे. घरातली गोष्ट आहे."

"पाय मुरगळला वाटते पोरीचा."

भाव आठाहून पाचावर. मी घाईघाईनं लिहिलं, "पोरगी ठणठणीत आहे, अफवा पसरवू नका!" बस. त्यानं तर आगीत तेलच पडलं. लोक म्हणे, "पाहा, बाप भाव चढवून राह्यला!" दुपारी पाय मोडला, संध्याकाळी प्लास्टर चढलं. पोंभुर्ण्याहून माही मावसबहीण केळं घेऊन दारात हजर. "पेशंट कुठी आहे?" म्हणे. पेशंट मैदानावर उड्या मारून राह्यली होती!

मले तेव्हाही हासू आलं. सांगतो ना, डोस्क्यात हवा.

फायनलच्या दिवशी गडचिरोलीले पोचलो, तर मैदानावर साऱ्या पोरी अन् शाऊ बाहेर बाकड्यावर. टीमच्या मडावी मॅडमपाशी धावतच गेलो. "मॅडम, हे काय? पोरीले बसवलं काऊन?"

मॅडम म्हणाल्या, "तिच्या घोट्यावर काळंनिळं आहे, भाऊ. ती म्हणते दुखत नाई. पण पोरी लपवतात. जन्माची लंगडी झाली तर कोण जबाबदार?"

"अजी, तेवढं तर खेळणाऱ्या साऱ्याइलेच असते! धडधाकट आहे ती. मी बाप सांगून राह्यलो ना!"

मॅडमनं माह्याकडं पाह्यलं. हळूच म्हणाल्या, "मंग तिच्या हरण्यावर काऊन लावलं तुमी?"

शाऊ तिथीच होती, हाताच्या अंतरावर. तिले ग्रुपचं काहीच माहीत नव्हतं. ती माह्या तोंडाकडं पाहून राह्यली होती, की बाबा आता म्हणतीन, हे खोटं आहे.

अन् मी काय म्हणालो? "रसगुल्ल्यासाठी, मॅडम."

बाजूचे लोक हासले. शाऊ नाई हासली. मॅडमनं तिले शेवटी शेवटी उतरवलं, पण पोरगी बॉलकडं कमी अन् माह्याकडंच जास्त पाहे. सोप्यातला सोपा बॉल रिंगवर आदळून बाहेर आला. एका बास्केटनं हरलो. नागपूरवाल्याईनं दुसऱ्याच पोरींची नावं लिहून नेली.

दुसऱ्या दिवशी बिस्वासदा सोता हंडी घेऊन घरी. "आपनी जीत गया, दादा," म्हणे, अन् मान खाली घालून उभा. गावात सगळ्यात जास्त जिंकणारा मीच! शाऊनं हंडीकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं.

"तुमीच खा, बाबा. जिंकले तुमी."

तेव्हापासून ती माह्याशी एक शब्द बोलली नाई. ताट वाढते, पाणी देते, सारं करते. बोलत नाई. रसगुल्ले आंबले, सारे फेकले. घर कसं खाले उठते, तुमाले काय सांगू.

अन् ग्रुपचे लोक तर ग्रुपचेच. मांगल्या महिन्यात कोणी तरी नवा बाजार काढला: "चौदा एप्रिलच्या जयंतीच्या आधी शाऊ बापाशी बोलन का?" पहिले राग आला. पण लोकाइनं "बोलन"च्याच चिठ्ठ्या घेतल्या, भाव पुन्हा आठावर. मले इतकं बरं वाटलं! दुनिया म्हणून राह्यली ना, बोलन. मीही घेतल्या, जमतीन तेवढ्या.

मंग परवा पाहतो तर भाव एकदम तळाले. कोणी तरी "नाई बोलणार"च्या ढीगभर चिठ्ठ्या घेतल्या होत्या. नाव पाह्यलं, तर बायकोचा नंबर! मी तिथूनच ओरडलो, "काऊन वं, तूच घरभेदी निघाली?"

ती चुलीपासून म्हणते, "मी कायले घेऊ? फोन सकाळपासून शाऊपाशी आहे."

आता तुमीच सांगा जी, आतली खबर तिच्याहून जास्त कोणाले असन? साऱ्या गावानं धडाधड चिठ्ठ्या विकून टाकल्या. बिस्वासदा म्हणते, तुमीही विका. मी नाई विकत. जयंती आली तोंडावर. पोरगी हरन म्हटलं तर सारं गाव माह्या मांगं आलं होतं. आता ती बोलन म्हणून बसलो आहे, तर मांगं कोणीच नाई. तीही नाई.