नलूच्या गॅलरीतला कुकर

नंदिनी,

फोनवर तू "हो मॅडम, ठीक आहे मॅडम" म्हणतेस आणि मी सुटते. म्हणून लिहिते आहे.

आपल्या कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तुझ्यावर दोन पानं लिहून द्या म्हणून सध्याचे प्राचार्य माझ्या मागे लागलेत. मथळाही त्यांनीच दिलाय, 'नाचणगावच्या कन्येची पुण्यात झेप'. झेप म्हणे! मी चारदा लिहिलं आणि चारदा फाडलं, कारण प्रत्येक वेळी त्यात मी फार चांगली बाई दिसते. तेव्हा खरं काय ते आधी तुला लिहिते. अंकाचं मग पाहू.

तुझा बाप भैयाजी ताकसांडे, पुलगाव स्टँडजवळ पंक्चरचं दुकान. तू अकरावीत गणिताच्या शिकवणीला माझ्याकडे आलीस, तेव्हा मी कॉलेजातून नुकती निवृत्त झाले होते आणि रागवायला घरात कुणी उरलं नव्हतं. माझी चूक काढताना तुझा आवाज मोठा व्हायचा, स्वतःची चूक सांगताना बारीक. पुढे इंजिनिअरिंगला वर्ध्याला जाऊन-येऊन शिकलीस आणि संध्याकाळी माझ्या ओट्यावर बसून माझ्या वायफायवर प्रोग्रॅम लिहायचीस. धुरपताबाई, तुझी आजी, तुला न्यायला यायची.

"मॅडम, हे पोट्टी सारा दिवस टकटक करून राह्यली. काई निघते का त्यातून?"

"निघेल, धुरपताबाई."

"मांगच्या वर्षीबी असंच म्हनलं होतं तुमी."

चार वर्षं तू ओट्यावर बसलीस. 'आत ये' असं मी म्हणत असे. रोज म्हणत असे का, ते विचारू नकोस.

मग पुण्यात नोकरी लागली आणि खोली मिळेना. दोन घरमालकांनी आडनाव विचारलं. तिसऱ्यानं 'तुमच्याकडे कुठला सण मोठा' असं विचारलं, आणि ते तू मला हसत सांगितलंस. मी लगेच कामाला लागले. खोडच आहे माझी. माझी मावसबहीण नलू पुण्यात, तिची वरची खोली रिकामी. तिला सांगितलं, "मुलगी माझ्या घरातलीच समज." तुला सांगितलं, "कोणी विचारलं तर नंदिनी भैयाजी, एवढंच म्हण."

"काऊन मॅडम?"

"पुण्याच्या माणसाला ताकसांडे म्हणजे कोण ते कळायचं नाही. पण नलू आपल्याच जिल्ह्यातली, आर्वीची आहे. तिला कळेल."

मग म्हणालीस, "ठीक आहे मॅडम."

गणितात एक पायरी गाळली तर अख्खी वही परत लिहायला लावणारी मी, आणि तुझं आडनाव मी असं उचलून बाजूला ठेवलं. मला ते शहाणपण वाटलं. खोली मिळाली, कागदपत्रं नाहीत, काही नाही. 'ताईनं पाठवलीय ना, मग कागद कशाला,' नलू म्हणाली.

फेब्रुवारीत तू राहायला गेलीस. आजीनं दिलेली बाबासाहेबांची तसबीर साडीत गुंडाळलेली, ती बॅगेतच राहिली. मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला तू खीर केलीस, वाटी खाली नेऊन दिलीस. नलूनं विचारलं, "आज काय विशेष?" तू म्हणालीस, "सहज." हे मला नलूनंच सांगितलं, वाटी कशी चाटूनपुसून संपवली त्यासकट. मुलगी गुणाची आहे, म्हणाली.

ऑफिसात तू कामापुरतं बोलायचीस. रविवारी प्रोग्रॅमर मंडळींचा मेळावा भरतो तिथं जायला लागलीस, तीही मागच्या खुर्चीवर. एकदा तिथं कुणी विद्वान सांगत होता की हल्ली सगळ्यांकडे वेगवान नेट आहे, वेबसाइट जड झाली तरी चालतं. तू मागून उठलीस. "आमच्या नाचणगावले या एकदा. मॅडमच्या ओट्यावरून खाली उतरलं की नेट खतम." लोक हसले. पण मेळावा चालवणारी आकांक्षा चहाच्या वेळी तुझ्याकडे आली आणि म्हणाली, "ऑगस्टमध्ये तू बोल. एक दांडी नेटवर्कवर उघडणारी साइट कशी बनवायची, अर्धा तास." त्या दिवशी तू मला फोन केलास तेव्हा तुझा आवाज मोठा होता.

आठवड्यानं पुन्हा फोन.

"मॅडम, पोस्टरवर पूरं नाव पाहिजे म्हणते आकांक्षा. नलूमावशीचा हेमराजबी त्याच लाइनीत हाय, तो पाहीनच. पण मले अर्धं नाव नाई टाकाचं."

"आठ दिवस थांब. मी नलूशी बोलते. मी केलेला घोळ मीच निस्तरीन."

"नक्की ना?"

"का, माझ्यावर भरवसा नाही?"

"हाय ना. म्हणून तं थांबतो."

त्या आठ दिवसांत मी नलूला दोनदा फोन केला. पहिल्यांदा तिच्या गुडघ्यावर बोलले. दुसऱ्यांदा हेमराजसाठी आलेल्या स्थळांवर, पाऊण तास. नवव्या दिवशी पोस्टर निघालं: नंदिनी भैयाजी ताकसांडे. तू का थांबायचं आणखी? हेमराज बिचारा भोळा. त्यानं ते कौतुकानं आमच्या घरच्या ग्रुपवर टाकलं, 'आपल्या वरच्या खोलीतली!' पंधरा मिनिटांत नलूचा फोन.

"ताई, ही ताकसांड्यांची आहे?"

"असेल."

"असेल म्हणजे? पाठवलीस तू! तुला ठाऊक नव्हतं?"

नंदिनी, मी म्हटलं, "नाही गं. मलाही तिनं नंदिनी भैयाजी एवढंच सांगितलं होतं."

हे तुला माहीत नाही. आडनावामुळे खोली गेली, असंच तू समजतेस. आडनावामुळे तर गेलीच. पण नलूनं तुला दारात उभी करून 'खोटारडी' म्हटलं, तो शब्द तिच्या हातात मी दिला होता. 'मॅडमनंच सांगितलं होतं,' एवढं तू म्हणाली असतीस तर माझी लाज तिथल्या तिथं निघाली असती. नलू मला म्हणाली, "एक अक्षर बोलली नाही बघ. चोराच्या मनात चांदणं." मी "हं" म्हटलं. हंसुद्धा म्हटलं.

मेळाव्यातली पोरं-पोरी दोन स्कूटर घेऊन आली, तुझं सामान उचललं, आकांक्षानं तुला आपल्या खोलीत घेतलं. पुण्यात तू रुजलीस ती त्यांच्यामुळे, हे प्राचार्यांना सांगायला हवं. भाषण मी इथं मोबाइलवर पाहिलं. सुरुवातीलाच तू पूर्ण नाव सांगितलंस, गाव सांगितलंस. मी टाळ्या वाजवल्या, ओट्यावर एकटीच.

तुझी एकच वस्तू मागे राहिली. कुकर. नलूनं हरभरे शिजवायला खाली नेला होता. डिसेंबरात मी पुण्याला लग्नाला निघाले, नलूकडेच उतरणार होते, तेव्हा तू म्हणालीस, "मॅडम, तेवढा कुकर आणजा. बाबानं पुलगावातून घेऊन देल्ला होता. मले तिथं जावंसं नाई वाटत." इतक्या वर्षांत तू माझ्याकडे वायफायचा पासवर्ड सोडून मागितलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, "आणते, आणि नलूला दोन शब्दही सुनावते." आवेशात काय, मी काहीही बोलते.

कुकर गॅलरीत होता. त्यात माती भरून नलूनं कोरफड लावली होती. झाकण पलीकडे भिंतीला टेकवलेलं, शिट्टीसकट. 'नलू, ज्या कुकरातली खीर तू वाटी पुसून खाल्लीस तो हा,' असं ओठांपर्यंत आलं. नलू आतून ओरडली, "ताई, तिथं उभीच आहेस तर झाडाला पाणी घाल ना!"

मी पाणी घातलं. तिथं होते ते दोन्ही दिवस.

तू मला गाडीत बसवायला स्टेशनवर आलीस. माझ्या दोन पिशव्या सीटखाली सरकवताना हातानंच चाचपल्यास.

"भेटला नाई का, मॅडम?"

"विसरले गं."

"ठीक आहे मॅडम," तू म्हणालीस, आणि पाण्याची बाटली माझ्या हातात देऊन उतरलीस.

त्या गोष्टीला आता चार महिने झाले. कुकर तिथंच आहे.